दुसऱ्या व्हायोलिनचा लांब सूर

धाकटी सेहेचाळीस वर्षांची होती, तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. नाव पडलं ते दादामुळे. तो तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, आणि त्यांच्या चौकडीत पहिलं व्हायोलिन त्याचं, दुसरं हिचं. व्हिओला, म्हणजे व्हायोलिनचंच जरा मोठं, खालच्या सुरांचं भावंड, वाजवणाऱ्याला वकील म्हणत, कारण कोणत्याही गोष्टीच्या दोन्ही बाजू तो एकटाच मांडायचा आणि निकाल काही द्यायचा नाही. चेलो मावशींकडे होता. मावशी तशा कुणाच्याच मावशी नव्हत्या, पण अडुसष्टाव्या वर्षीही तेवढं मोठं वाद्य पाठीवर टाकून जिना चढणाऱ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायला कुणाची जीभ वळत नसे.

चौघं बावीस वर्षं एकत्र वाजवत होते. इतक्या वर्षांत रेकॉर्डिंग असं एकही केलं नव्हतं. कधी वेळ नाही, कधी जागा नाही, कधी कुणी विचारलंच नाही. आता एका छोट्या कंपनीने विचारलं होतं. हंगेरीतल्या तीन संगीतकारांचे तीन क्वार्टेट, म्हणजे अशा चार वाद्यांसाठीच्या रचना, तिन्ही गेल्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांतले. हे संगीत पहिल्यांदा ऐकताना लोकांच्या जरा अंगावर येतं. वकील ते असं समजावून सांगायचा, "या मंडळींनी खेड्यातली गाणी शहरात आणली, पण त्यांना इस्त्री केली नाही."

रेकॉर्डिंगसाठी एका शाळेचं सभागृह चार दिवस मिळालं होतं. शाळेला सुट्टी होती. लाकडी जमीन, उंच छत, खिडक्यांना जाड पडदे. शिपायाने शेजारच्या खोलीतला फ्रिज बंद केला, भिंतीवरचं घड्याळ उतरवून कपाटात ठेवलं, आणि किल्ल्यांचा जुडगा खिशातून काढून रुमालात गुंडाळला. स्टेजमागच्या खोलीत ध्वनिमुद्रकाने आपलं टेबल मांडलं. हा माणूस चौघांनाही नवा होता. सडपातळ, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. कानांवर हेडफोन, हातात पेन्सिल, मांडीवर छापील पुस्तक. त्या पुस्तकात चारही वाद्यांच्या ओळी एकाखाली एक छापलेल्या असतात, त्यामुळे कोण काय वाजवतंय ते त्याला एका नजरेत दिसायचं.

चौघांपुढे मात्र ज्याची त्याची ओळ तेवढी. दोन क्वार्टेटच्या प्रती छापील होत्या. तिसऱ्या क्वार्टेटच्या प्रती हाताने लिहिलेल्या होत्या, आणि तो हात दादा आणि धाकटीच्या बाबांचा होता.

बाबा पाणीपुरवठा खात्यात आरेखक होते. दिवसभर नळांचे नकाशे काढायचे. स्वतःला एकही वाद्य येत नव्हतं, पण दोन्ही मुलांच्या हातात व्हायोलिन त्यांनीच दिलं. त्या काळी असली पुस्तकं दुकानात मिळत नसत. मोठ्या वाचनालयात एक प्रत होती, आणि ती बाहेर न्यायला परवानगी नव्हती. म्हणून बाबा दर शनिवारी वाचनालयात बसून ते पुस्तक उतरवून काढत. एकेका वाद्याची ओळ वेगळी करून, काळ्या शाईने, नकाशासारखी नेटकी. असे सात क्वार्टेट त्यांनी उतरवले. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. धाकटी ती पानं उघडायची तेव्हा एखाद्या ओळखीच्या घरात शिरल्यासारखी आत शिरायची. कुठे शाई संपत आलीय, कुठे टोक बदललंय, सगळं पाठ.

पहिला दिवस चांगला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या प्रतीतला क्वार्टेट घेतला, आणि त्यातला संथ भाग आधी. त्या भागात एक जागा होती. बाकीचे तिघं एकेक करून खाली येतात, शांत होतात, आणि दुसरं व्हायोलिन एकच सूर लांब धरून ठेवतं. खाली व्हिओलाचाही एक लांब सूर. ते दोन सूर एकमेकांना घासत. ऐकणाऱ्याला घासात खडा यावा तसं होई, पण त्या जागी लोक पुढे सरकून बसत. एकदा एक म्हातारे श्रोते कार्यक्रमानंतर येऊन धाकटीला म्हणाले होते, "तुमच्या त्या एका सुरासाठी मी दोन गाड्या बदलून आलो."

भाग संपला. भिंतीवरच्या छोट्या स्पीकरमधून ध्वनिमुद्रकाचा आवाज आला.

"फार छान झालं. एक विचारायचं होतं. दुसरं व्हायोलिन, तो जो लांब सूर आहे, तो तुम्ही कोमल घेताय."

"हो," धाकटी म्हणाली.

"पुस्तकात शुद्ध आहे."

मावशींनी गज मांडीवर आडवा ठेवला. मग ध्वनिमुद्रक स्वतःच पुस्तक घेऊन बाहेर आला आणि त्याने ते धाकटीच्या स्टँडवर, बाबांच्या पानाशेजारी ठेवलं. छापील पानावर त्या सुराच्या आधी एक छोटी चौकटीसारखी खूण होती. या सुराचं कोमलपण इथे रद्द, असा तिचा अर्थ. बाबांच्या पानावर ती खूण नव्हती. सूर होता, त्याची लांबी होती, वरची कमानीसारखी रेघ होती, सगळं होतं. खूण तेवढी नव्हती.

"छापणाऱ्यांचीही चूक असू शकते," वकील म्हणाला. मग लगेच म्हणाला, "पण अशी मुद्दाम घातलेली खूण चुकून पडत नाही, सुटते. आणि समजा सुटली असेल, तरी आपण बावीस वर्षं जे वाजवतोय त्याला काही हक्क आहे की नाही? अर्थात कब्जा म्हणजे मालकी नव्हे."

"तू गप्प बस जरा," मावशी म्हणाल्या.

धाकटीने दादाकडे पाहिलं. बाबांच्या अक्षरावर कुणी बोट ठेवलं असतं तर दादा सगळ्यात आधी तडकला असता. लहानपणापासून तसंच होतं. पण तो व्हायोलिनच्या तारा पुसत बसला होता, आणि त्या आधीच पुसून झाल्या होत्या.

"दादा, तुला माहीत होतं," ती म्हणाली.

त्याने मान वर केली नाही. "आपण चहा घेऊया का?"

"तुला माहीत होतं का, ते सांग."

"हो."

चहा झालाच नाही. ध्वनिमुद्रकाने हळूच पुस्तक उचललं आणि तो आपल्या खोलीत गेला. जाताना म्हणाला, "घाई नाही. मी तोवर कालचं ऐकतो." त्याच्या कामात लोकांची भांडणं बरीच होत असावीत. दार कसं लावावं हे त्याला ठाऊक होतं.

दादाने सांगितलं ते असं. अकरा वर्षांपूर्वी, बाबा गेले त्यानंतर तीन महिन्यांनी, परगावी एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याला हेच छापील पुस्तक सापडलं. हौसेने घेतलं. मुक्कामाच्या खोलीत पलंगावर बसून चाळलं, आणि ती जागा दिसली. पुस्तक त्याने बॅगेच्या तळाशी घातलं, घरी आल्यावर कपाटाच्या तळाशी.

"तेव्हा तू त्या पानांवर हात फिरवत बसायचीस," तो म्हणाला. "मी काय येऊन सांगणार होतो? बाबा चुकले म्हणून?"

"तेव्हा नाही. पण नंतर? अकरा वर्षं, दादा."

"नंतर जमलं नाही. दिवस जातात तशी गोष्ट जड होत जाते. आणि खरं सांगू का, चुकीचं वाटतही नव्हतं. लोक त्या जागेसाठी यायचे."

"लोक यायचे, आणि दर वेळी तू माझ्या शेजारी बसून ऐकायचास. मनात म्हणत असशील, हिला काय कळतंय."

"असं मी कधीच म्हटलं नाही."

"मग काय म्हणायचास?"

दादा पुन्हा तारा पुसू लागला. तो वाईट माणूस नव्हता. धाकटी रस्ता ओलांडताना आजही तो तिच्या कोपराला धरायचा, आणि ती आजही धरू द्यायची. पण त्या दिवशी तिला ते कोपर आठवलं आणि डोक्यात तिडीक गेली. ती शांतपणे उठली, व्हायोलिन पेटीत ठेवलं, आणि म्हणाली, "आज तुम्ही तिघं मिळून जे घेता येईल ते घ्या. मी उद्या येते."

"चौकडीत तिघांना काय घेता येणार?" वकील म्हणाला. यावर मावशींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

आईचं घर तिथून पंधरा मिनिटांवर. रेकॉर्डिंगचे चार दिवस धाकटी तिच्याकडेच राहत होती. आई स्वयंपाकघराच्या टेबलाशी मटार सोलत बसली होती. भर दुपारी लेक दारात पाहून तिने अर्धी टोपली तिच्यापुढे सरकवली. मटार निम्मे होईपर्यंत धाकटीने सगळं सांगून टाकलं.

आई म्हणाली, "म्हणजे एक खूण सुटली."

"एकच. पण नेमकी माझ्या ओळीत."

"तुझे बाबा कधी चुकत नसत, असं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? तूच म्हणायचीस, हात कसा मोत्यासारखा आहे."

"मोत्यासारखा होताच. आमच्या लग्नाची पत्रिका त्याच मोत्यासारख्या हाताने लिहिली होती, आणि त्यात माझ्या वडिलांचं नाव चुकवलं होतं. दीडशे पत्रिका. तुझ्या आजोबांनी मरेपर्यंत जावयाला पत्रं पाठवली ती स्वतःचं ते चुकीचं नाव घालून. खाली सही पण तीच."

धाकटीला हसू आलं. तिला ते नको होतं, पण आलं.

आईने एक शेंग फोडली. "तो वाचनालयातून आला की मला म्हणायचा, डोळे दुखतात, कुठेतरी चुकलं असणार. पण वाजवणाऱ्यांना कळेल, ते सांगतील. वाट बघायचा गं तो. तुमचा कार्यक्रम झाला की घरी येताना विचारायचा, कुठे अडलं का? तुम्ही म्हणायचात, नाही बाबा, सुंदर लिहिलंय. मग खूश व्हायचा, पण त्याचं पूर्ण समाधान व्हायचं नाही. चूक काढणारं कुणी भेटावं असं त्याला वाटायचं. नकाशात चूक राहिली तर पाणी पोचत नाही, म्हणायचा."

धाकटीच्या हातातली शेंग तशीच राहिली. आपण बाबांना एवढी वर्षं लाडाने खोटं सांगत आलो, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. खोटं म्हणजे अगदी खोटं नाही, पण तपासून न बघता सांगितलेलं. दादाने तिच्याशी जे केलं, तेच दोघांनी मिळून बाबांशी केलं होतं.

"दादावर राग आहे?" आईने विचारलं.

"आहे."

"असू दे. पण तोंडावर काढ. पोटात ठेवलास तर अकरा वर्षांनी तूही कपाटच उघडशील."

तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटी सगळ्यांच्या आधी पोचली. शिपाई पडदे ओढत होता. तिने ध्वनिमुद्रकाकडून पुस्तक मागून घेतलं, बाबांच्या पानावर पेन्सिलीने ती छोटी चौकट काढली, आणि दादा आला तेव्हा त्याला म्हणाली, "मी शुद्ध घेणार आहे."

"बरं."

"तुला विचारत नाहीये. सांगतेय."

"कळलं," दादा म्हणाला. मग आवाज खाली आणून, "माझं चुकलं."

"हो, चुकलं," ती म्हणाली. "आणि इथून पुढे मला जपायचं नाही. मला सांगायचं."

ठरवणं सोपं होतं. वाजवणं अवघड निघालं. बावीस वर्षं जे बोट एका जागी जाऊन पडायचं, त्याला आता अर्धं पेर पुढे पडायचं होतं. पहिल्या खेपेला ते जुन्याच जागी गेलं. दुसऱ्या खेपेला तिने आधीपासूनच इतकं लक्ष दिलं की तिच्या आधीच्या दोन ओळी घट्ट झाल्या. चौथ्या खेपेला सूर बरोबर लागला, पण कचरत लागला, जणू दारात उभं राहून आत येऊ का विचारतोय. प्रत्येक खेपेनंतर स्पीकरमधून आवाज यायचा, "परत घेऊया," आणि पुढचा आकडा. त्या आवाजात कंटाळा नव्हता, कौतुकही नव्हतं. धाकटीला त्याचा आधार वाटू लागला.

सातव्या खेपेला तिचा सूर स्वच्छ लागला, आणि सगळ्यांनी एकदमच वकिलाकडे पाहिलं. व्हिओला बेसूर होता. फार नाही, केसभर. पण ऐकू येत होता.

"मी जिथे नेहमी असतो तिथेच आहे," वकील म्हणाला.

"तेच तर," मावशी म्हणाल्या. "तू नेहमी तिथेच असतोस."

झालं होतं असं, की इतकी वर्षं ते दोन सूर एकमेकांना घासत, आणि त्या घासण्याच्या आडोशाला वकिलाचा केसभर खाली असलेला सूर सुखाने नांदत होता. आता घासणं गेलं, दोन सूर एकमेकांत मोकळे मिसळायला हवे होते, तर हा उघडा पडला. वकिलाने गज खाली ठेवला, चष्मा काढून पुसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा एका वाक्यात निकाल दिला. "चूक माझी आहे."

मग चौघं कामाला लागले. आधी नुसती धाकटी आणि वकील, तोच एक सूर, मागे काही नाही, पुढे काही नाही. मग मावशी. त्यांच्या लक्षात आलं की त्या ठिकाणी त्या नेहमी फार जोर लावतात, कारण वर काहीतरी दुखतंय असं समजून त्या खालून आधार देत होत्या. आता दुखत नव्हतं, तर आधार कशाला? त्यांनी गज हलका केला. दादा सगळ्यात शेवटी त्या जागेतून बाहेर पडायचा. तो नेहमी शेवटचा सूर ओढून धरायचा, आता त्याने तो लवकर सोडला, आणि धाकटीचा सूर एकटा वर उरला.

अकरावी खेप झाली. स्पीकरमधून पुढचा आकडा आला नाही. मग दार उघडून ध्वनिमुद्रक बाहेर आला आणि म्हणाला, "आत येऊन ऐका."

त्या छोट्या खोलीत पाच माणसं दाटीवाटीने उभी राहिली. मावशींना एकुलती एक खुर्ची दिली. आवाज सुरू झाला. तिघं एकेक करून खाली आले, आणि मग तो सूर. जिथे लोक पुढे सरकून बसायचे ती जागा आता नव्हती. तिच्या ठिकाणी काहीच बोचत नव्हतं. मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाने पहिल्यांदा अंगणात येऊन बसावं, तसं काहीतरी होतं ते.

"अरे," वकील म्हणाला. "इथे दुःख नाहीच आहे."

"आपण बावीस वर्षं इथे रडत होतो," मावशी म्हणाल्या, "आणि या बिचाऱ्या संगीतकाराने इथे विसावा लिहिला होता."

धाकटीला ते आवडलं की नाही, हे तिला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. जुना सूर तिच्या अंगात होता, त्याची सवय होती, आणि दोन गाड्या बदलून आलेले ते म्हातारे तिला आठवत होते. पण ऐकत असताना तिचे खांदे खाली आले. ती कितीतरी वेळ ते वर धरून उभी होती. दादा तिच्या मागे होता. त्याने तिच्या कोपराला हात लावला नाही. बरं केलं.

दुपारी क्वार्टेटचा शेवटचा वेगवान भाग घेतला. मधल्या एका जागी धाकटी थांबली आणि म्हणाली, "दादा, इथे तू पळतोस. नेहमीच पळतोस. मी मागून धावत येते." दादाच्या तोंडावर क्षणभर पहिल्या व्हायोलिनचा ताठा आला. मग त्याने विचारलं, "कुठून पळतो?" तिने गजाने जागा दाखवली. त्याने खूण केली. चौथ्या दिवशी उरलेला छापील क्वार्टेट झाला, शिपायाने घड्याळ पुन्हा भिंतीवर लावलं, आणि सगळे घरी गेले.

सीडी पाच महिन्यांनी आली. सोबतच्या पुस्तिकेत बाबांचं नाव होतं. प्रत कुणी उतरवली, एवढंच. दादाला वाटत होतं की त्याखाली काही चांगले शब्द घालावेत, पण धाकटी म्हणाली, नको, नकाशावर आरेखकाची फक्त सही असते. ती सीडी आईने रविवारी दुपारी दोघांना घरी बोलावून ऐकली. संथ भाग आला तेव्हा तिने डोळे मिटले. संपल्यावर म्हणाली, "मला तर आधीचं आणि आताचं सारखंच वाटलं. पण तुम्ही दोघं आता नीट बसलेले दिसता."

जेवणं झाल्यावर दादाने पिशवीतून ते छापील पुस्तक काढलं आणि टेबलावर ठेवलं. त्याखाली आणखी तीन होती. बाबांनी उतरवलेल्या बाकीच्या सहा क्वार्टेटपैकी तिघांची, त्याने महिनाभर धडपड करून मिळवलेली. धाकटीने बाबांची पानं आणली. दोघं समोरासमोर बसले. ती छापील ओळ बोटाने दाखवत सूर वाचायची, तो हस्तलिखितात बघून हुंकार द्यायचा. लहानपणी बाबा दोघांकडून पाढे म्हणून घ्यायचे, तसा आवाज त्या खोलीत भरून राहिला.

तासाभराने एका पानावर ती थांबली. "इथे तुझ्याकडे काय आहे?"

दादाने वाचलं. जुळत नव्हतं. पहिल्या व्हायोलिनच्या, म्हणजे त्याच्याच ओळीतला तो सूर होता.

"बघ, तुझ्याकडेही आहे की," ती म्हणाली.

दादाने पान खिडकीकडे नेऊन उजेडात धरलं. मग परत येऊन बसला, आणि ते तिच्यापुढे ठेवलं. शाईने लिहिलेला सूर बरोबर होता. त्यावर पेन्सिलीने काट मारून शेजारी दुसरा सूर लिहिला होता, आणि ते अक्षर बाबांचं नव्हतं.

"मला वाटलं होतं, बाबांचं चुकलंय," दादा म्हणाला.

धाकटी हसली नाही. तिने टेबलावरचं खोडरबर त्याच्याकडे सरकवलं, त्याने पेन्सिलीची खूण पुसली, कागदावरचा भुगा फुंकला, आणि ती पुढची ओळ वाचू लागली.